छताचं पोट

मास्तरांचा संशयी स्वभाव साऱ्या गल्लीला ठाऊक होता. रस्त्यात कोणी थांबवून "काय, बरं चाललंय ना?" एवढंच विचारलं, तरी घरी येऊन चपला काढायच्या आत ते बायकोला सांगत, "आज तो फार गोड बोलत होता. काहीतरी शिजतंय." भाजीवाल्याने पिशवीत वर एक लिंबू टाकलं, तर त्याच्या काट्यात नक्की खोट. धंद्याने शिंपी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कपडा असा शिवायचे की बघत राहावं. पण माणसाच्या बोलण्याचं अस्तर उसवून आत काय दडलंय ते पाहिल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही.

अशा माणसाने बैठकीच्या खोलीचं छत स्वतःच्या हातांनी सपाट करायचं ठरवलं, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला.

"अहो, सुतार बोलवा ना एखादा. सगळं जग बोलावतं."

"सुतार येईल, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने वर जाईल. मग खाली काय चाललंय ते सगळं वरती कळेल. ठेवूया मग आपण दवंडीवाला पगारी!"

वरती म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, दादा. घर वडिलांचं. खालचा मजला मास्तरांना, वरचा दादाला. वडील गेल्यावर त्यांची कपडे कापायची जुनी कात्री दिसेनाशी झाली. पितळी मुठीची, चांगली हातभर. वडीलही शिंपी होते, आणि ती कात्री मास्तरांना मिळणार हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. दादा तर छापखान्यात होता, त्याला कात्री कशाला? पण मास्तरांनी तोंडावर विचारलं, "कात्री तू नेलीस का?" आणि दादा म्हणाला, "तुला सख्खा भाऊ चोर दिसतो का रे?" त्यावर मास्तर म्हणाले, "हो की नाही, तेवढं सांग." शब्दाने शब्द वाढला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

बंद झालं म्हणजे कसं, तर कडी लागली. बैठकीच्या कोपऱ्यातून एक चढणीचा लाकडी जिना वर जायचा आणि छतातल्या चौकोनी झडपेतून थेट दादाच्या खोलीत निघायचा. लहानपणापासून दोघे भाऊ त्याच झडपेतून वरखाली करायचे. एकाला दुसरा हवा असला की झडपेवर मुठीने धाडधाड बडवायचं, की दुसरा हातातलं टाकून धावलाच. पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी आली. झडपेतून मास्तरांचं डोकं वर आलं की ती हातातलं काम न थांबवता ओरडायची, "भावजी, डोकं सांभाळा!" कारण झडपेच्या वरच तिच्या कपाटाची उघडी कड होती आणि भावजी दर वेळी तिच्यावर आपटायचे. मग तिचं हसणं. काय ते हसणं! मिलच्या भोंग्यासारखं सगळ्या घरात घुमायचं.

त्या झडपेला मास्तरांनी खालून जाडजूड कडी ठोकली. दादा बाहेरच्या जिन्याने, घराच्या मागच्या अंगाने येजा करू लागला. एक दिवस, भर दुपारी जेवून मास्तर आडवे झाले होते, आणि वरून झडपेवर धाडधाड सुरू झालं. थांबेचना. मास्तर ताडकन उठले. "बघ, बघ कसा मुद्दाम डिवचतोय! झोप काढू देत नाही." त्यांनी कोळ्याची जाळी काढायची काठी घेतली आणि खालून झडपेवर तिप्पट जोराने हाणली. वरचा आवाज थांबला. मास्तर खूश झाले. म्हणाले, "याला म्हणतात उत्तर." आणि कूस बदलून झोपले.

हे सगळं सांगायचं कारण, छत सपाट झालं की ती झडप कायमची झाकली जाणार होती. नुसती कडी लावलेली झडप कधीतरी उघडता येते. तिच्याखाली चौकट टांगून बोर्ड ठोकले, सांधे बुजवले, वर रंग मारला, की तिथे कधी वाट होती हेसुद्धा पुढच्या पिढीला कळू नये. मास्तरांनी हे बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. बायको भांडी घासत राहिली, पण जरा जास्तच जोरात.

छताची गरज मात्र खरी होती. मास्तरांच्या दुकानाची जागा मालकाला परत हवी होती, तेव्हा आता दुकान बैठकीतच थाटायचं होतं. मोठा आरसा भिंतीला लावून झाला, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने घोळ घातला. आरशात त्याच्या डोक्यामागे छत दिसत होतं, जुन्या लाकडी तुळयांचं आणि फळ्यांचं, मध्येच पोट आलेलं, एका बाजूला कललेलं. गिऱ्हाईक खांदे वरखाली करत म्हणालं, "मास्तर, डावा खांदा उतरलाय." मास्तरांनी तीन वेळा टेप लावली. खांदा नाही, छत उतरलं होतं! पण गिऱ्हाइकाला पटवणार कोण? वाकड्या छताखाली सरळ शिवलेला कोटही वाकडा दिसतो, आणि शिंप्याचं नाव एकदा गेलं की गेलं.

मास्तरांनी सगळी माहिती गोळा केली. हार्डवेअरच्या दुकानात तासन् तास उभे राहून गिऱ्हाइकांची बोलणी ऐकली, कारण दुकानदाराला थेट विचारलं तर तो नको ते गळ्यात मारील अशी शंका. रीत साधी होती. पारदर्शक नळीत पाणी भरायचं. नळीचं एक टोक एका भिंतीशी, दुसरं टोक समोरच्या भिंतीशी. पाणी दोन्हीकडे एका पातळीत राहतं, तिथे खुणा करायच्या. खुणांवरून खोलीभर दोऱ्या ताणायच्या. मग दोरीपासून छताचं अंतर सगळीकडे मोजायचं आणि छत सगळ्यात खाली कुठे आलंय ती जागा शोधायची. तिच्या बेताने पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट टांगायची, कारण त्याहून वर काही जाऊच शकत नाही. चौकटीला खालून बोर्ड ठोकले की छत झालं.

मास्तरांनी खुणा शिंप्याच्या खडूने केल्या, दोरीच्या जागी काजाचा पक्का दोरा ताणला आणि मोजायला गळ्यातली टेप घेतली. बायको नळीचं दुसरं टोक धरून स्टुलावर उभी. "हलू नको. श्वास घेतेस तेव्हा पाणी हलतं."

"मग काय श्वास घ्यायचं सोडून देऊ?"

पहिल्या दिवशी सगळ्यात खालची जागा सापडली खिडकीजवळ. मास्तरांनी तिथे खडूने फुली मारली आणि ड्रिल लावलं. पट्टी टांगायला तुळईत भोक हवं. पण मास्तर या कामात नवखे, ड्रिल तुळई चुकलं आणि बाजूच्या फळीतून आरपार वर गेलं. वर काहीतरी धडपड ऐकू आली. मास्तर हसले. "दादाच्या तळव्याला गुदगुल्या झाल्या असतील. होऊ देत." दुसरं भोक नीट पडलं, पट्टी टांगली, आणि उरलेलं काम उद्यावर टाकून मास्तर समाधानाने जेवले.

दुसऱ्या दिवशी दोरे पाहतात तो काय, खिडकीजवळचं पोट नाहीसं! तिथे दोरा आणि फळी यांच्यात चांगलं तीन सूत, करंगळीएवढं, अंतर वाढलेलं. टांगलेली पट्टी दोऱ्याच्या वर चढून बसली होती. आणि पोट आलं होतं दाराच्या बाजूला, कालपर्यंत जिथे काही नव्हतं.

मास्तरांनी आधी बायकोकडे पाहिलं.

"तू नळी नीट धरली नव्हतीस."

"अहो, माझे खांदे अजून दुखतायत."

मग त्यांनी नळी पाहिली. नळीत हवेचा बुडबुडा असला की पाणी खोटं बोलतं, हे त्यांना माहीत होतं. नळी झटकली, पाणी बदललं, परत मोजलं. पाणी खरंच बोलत होतं. मग दोऱ्यावर शंका. दोरा बदलला. मग टेपवर शंका, जुनी टेप ताणली जाते म्हणून. नवी टेप आणली. पोट दाराशीच. शेवटी तोंडाने "छत काय जिवंत आहे का?" असं पुटपुटत मास्तरांनी दाराशी फुली मारली, ड्रिल लावलं, पट्टी टांगली.

पुढच्या दिवशी पोट आरशाच्या वर.

आता मात्र मास्तर स्टुलावरून खाली उतरले आणि चांगले मांडी घालून बसले. लाकूड आपणहून असं फिरत नाही. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पण रोज जागा बदलत नाही. वरून कोणीतरी जड वस्तू सरकवतंय. आणि वर दादाशिवाय कोण आहे?

"तरीच!" मास्तर म्हणाले. "वरून घरघर ऐकू येते ती चाकांची. मी म्हणत होतो ना, समोरच्या घरातला म्हणाला होता मागे, चार माणसांनी मागच्या जिन्याने काहीतरी लोखंडी वर चढवलं. मशीन असणार. दादाने वरची खोली दुसऱ्या शिंप्याला द्यायचा घाट घातलाय. बाबांची कात्री आहेच त्याच्याकडे. माझ्या डोक्यावर माझ्याच धंद्याचा माणूस बसवणार! आणि तोवर मशीन इकडून तिकडे ढकलून माझं छत बिघडवतोय. दुकान उभंच राहू द्यायचं नाही मला."

"तुमचं आपलं काहीतरीच," बायको म्हणाली. मग छताकडे बघत, "जाऊबाईंचा आवाज येत नाही हो हल्ली. किती दिवसांत हसणं ऐकू आलं नाही."

"माहेरी गेली असेल. नाहीतर तीही त्याला सामील. गप्प बसून ढकलत असतील दोघं."

बायकोने मान हलवली. वर जायचं म्हटलं तर नवऱ्याची शपथ होती, आणि तिने ती एवढे दिवस पाळली होती. मधूनमधून तिला त्या शपथेचाच राग यायचा.

मास्तर आता छताचं काम करत नव्हते, पाळत ठेवत होते. ड्रिल लावायचं, थांबवायचं आणि फळ्यांना कान द्यायचा. आणि तिसऱ्या खेपेला त्यांना गोम सापडली. ड्रिल वाजलं की थोड्या वेळाने चाकं घरघरतात. ड्रिल नाही, तर चाकंही नाहीत. ज्या कोपऱ्यात ड्रिल, त्याच्या उलट दिशेला चाकं जातात. एवढी बारीक दुष्मनी! भोक पडलं रे पडलं की वजन हलवायचं, म्हणजे खालच्याचं माप चुकलंच पाहिजे. अशी अक्कल छापखान्यातल्या माणसाला सुचली तरी कशी?

"रंगेहाथ पकडतो," मास्तर म्हणाले. "मग बोर्ड ठोकतो. एकदा त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगतो, बघितलं मी. आणि मग ठोकतो शेवटचा बोर्ड. आयुष्यात तोंड बघणार नाही."

बेत असा ठरला. बायकोने टेबलावर चढून खिडकीच्या कोपऱ्यात ड्रिल चालू करायचं, तुळईला टेकवून. तसे मास्तर जिन्यावर चढून कडी काढणार, झडप बोटभर उचलणार आणि बघणार.

"मला नाही चालवता येत ते यंत्र."

"बटण दाब. भोक पडलं नाही तरी चालेल. आवाज झाला पाहिजे."

"आणि हे बरोबर दिसतंय का? चोरासारखं भावाच्या घरात डोकावायचं?"

"चोर कोण आहे ते आता कळेलच."

जिन्यावर मास्तरांचे कापडाचे तागे रचलेले होते. ते उतरवून ते वर चढले. पायऱ्यांची सवय पायांना अजून होती. कुठली पायरी कुरकुरते ते पायांना आठवत होतं, आणि हे मास्तरांना मुळीच आवडलं नाही. कडी गंजली होती. त्यांनी ती तेल घालून सैल केली आणि बायकोला खूण केली. बायकोने डोळे मिटून बटण दाबलं. ड्रिल किंचाळलं. तुळई थरथरली.

मास्तरांनी कडी मागे ओढली, डोक्याने झडप रेटली. वर सतरंजी होती, ती जरा उचलली गेली. फटीतून पहिला दिसला जमिनीचा पट्टा, मग लोखंडी पाय. चार पाय, खाली रबरी चाकं. मशीन. होतंच मशीन! मास्तरांच्या छातीत आनंदाची एक उकळी आली, खोटं कशाला बोलायचं. मग दादाचे अनवाणी पाय दिसले. टाचा भेगाळलेल्या. ते पाय जमिनीला रेटून, घसरत, काहीतरी ढकलत होते.

आणि दादाचा आवाज आला. धापा टाकणारा, पण इतका हळू, इतका समजुतीचा, की मास्तरांना वाटलं हा दादा नव्हेच. "झालं, झालं हं. एवढंच. आता इथे नाही पोचणार तो. घाबरू नको. घाबरायचं नाही."

ती खाट होती, दवाखान्यातली असते तशी, लोखंडी आणि चाकांची. चाकांच्या वर पांघरुणाची कड लोंबत होती, आणि पांघरुणातून एक हात खाली आला होता. ढिला, पालथा, कुणी विसरून ठेवल्यासारखा. मास्तरांनी झडप आणखी उचलली. का उचलली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाट अगदी झडपेपाशी येऊन थांबली होती. उशीवरून एक चेहरा त्यांच्याकडे बघत होता. अर्धा चेहरा वहिनीचा होता. उरलेला अर्धा खाली ओघळला होता.

तिने त्यांना ओळखलं. तोंड हललं, वाकडं, मोठ्या कष्टाने.

"भाव...जी," ती म्हणाली. "डो...कं."

मास्तरांनी डोकं सांभाळलं नाही. कपाटाची कड तिथेच होती, आणि ते ताडकन सरळ झाले तसं फाडकन आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली बायकोने घाबरून ड्रिल बंद केलं. त्या शांततेत दादा वळला आणि त्याने पाहिलं, आपल्या खोलीच्या जमिनीतून धाकट्या भावाचं डोकं उगवलंय.

दादा म्हातारा झाला होता. एका घरात राहून मास्तरांना हे आता कळत होतं. मग दादाचा चेहरा घट्ट झाला आणि तो खाट आणि झडप यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, जसा कुणी दारात अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे उभा राहतो.

"आता आणखी काय?" तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी तुझं ड्रिल खालून वर आलं. हिच्या खाटेच्या पायाशी. एक वीत इकडे असतं तर? तेव्हापासून आवाज आला की हिला हलवतो. ह्या टोकाला ड्रिल, तर त्या टोकाला नेतो. त्या टोकाला ड्रिल, तर परत इकडे. माझी पाठ गेली. तू मुद्दाम आमच्यामागे ड्रिल घेऊन फिरतोयस, हे न कळायला मी दूधखुळा नाही. एवढंच कर, उद्या कुठे भोक पाडणार ते आधी सांगत जा. आधीच हलवून ठेवीन."

मास्तरांना आता सगळा हिशेब लागला. ते भोक पाडत होते पोट जिथे येईल तिथे. पोट येत होतं खाट जिथे जाईल तिथे. आणि खाट पळत होती भोकापासून. दोघे भाऊ एकमेकांच्या मागे लागले होते, मध्ये फक्त फळ्या होत्या, आणि दोघांचीही खात्री की दुसराच मुद्दाम करतोय.

ते उरलेल्या पायऱ्या चढून वर आले. वर आल्यावर त्यांना नीट दिसलं. वहिनीच्या अंगात गाऊन होता. उजवी बाही खांद्यापासून चिरलेली, वेडीवाकडी, कडेचे दोरे लोंबणारे. हात वर उचलत नसल्याने बाहीत जात नव्हता, म्हणून कुणीतरी बाही कापून, हात आत ठेवून, वरून सेफ्टी पिना लावल्या होत्या. एक पिन उघडून कातडीला टोचली होती. तिथे लाल ठिपका होता. खुर्चीच्या पाठीवर आणखी दोन गाऊन, तसेच चिरलेले. आणि खिडकीच्या खिळ्याला, पितळी मुठीची, हातभर लांब, बाबांची कात्री.

दादाने त्यांची नजर पाहिली.

"हो, मीच नेली," तो म्हणाला. "तुला त्यांचा धंदा मिळाला, हात मिळाला, नाव मिळालं. मला काहीतरी त्यांचं हवं होतं. तू विचारलंस तेव्हा सांगणार होतो. पण तू असं विचारलंस की..." त्याने हात हलवला. "धार नाही तिला. कापडाला चावते नुसती."

मास्तरांचा संशय खरा निघाला होता. सगळे दिवस ते म्हणत होते, कात्री त्यानेच नेली, त्यानेच नेली, आणि नेलीच होती. पण त्या क्षणी त्यांना त्याचं सुतभरही समाधान वाटलं नाही. वाटली ती फक्त लाज, अंगभर. खाली शिंपी बसलेला, परक्यांचे खांदे तीन-तीनदा मोजणारा, आणि वर त्याची वहिनी टोचणाऱ्या पिना लावून पडलेली.

"कधी झालं हे?" त्यांनी विचारलं.

दादा वहिनीच्या पांघरुणाची कड उगाच सारखी करत राहिला.

"एका दुपारी झालं. जेवताना ताट हातातून पडलं तिच्या आणि ती खाली कोसळली. मला एकट्याला उचलेना. बाहेरून फिरून यायला वेळ लागला असता, तिला एकटीला टाकून जायला धीर होईना. मी झडप बडवली." त्याने कड पुन्हा सारखी केली. "खूप वेळ बडवली. तुला आठवत असेल. तू खालून काठी मारलीस."

खाली, जिन्याच्या पायथ्याशी, मास्तरांची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या हातातून ड्रिल निसटून ताग्यांवर पडलं. ती काही न विचारता जिना चढून वर आली, नवऱ्याला बाजूला सारून जावेच्या उशाशी जाऊन बसली आणि तिचा ढिला हात दोन्ही हातांत घेऊन ढसाढसा रडू लागली. "मला कळायला हवं होतं हो जाऊबाई, तुमचं हसणं बंद झालं तेव्हाच कळायला हवं होतं."

मास्तर तसेच उभे. मग त्यांनी जे केलं ते जन्मभर करत आले होते. गळ्यातली टेप काढली. खाटेजवळ गुडघे टेकून बसले. ती उघडी पिन आधी काढली, मग बाकीच्या एकेक काढल्या.

"वहिनी, हात तसाच राहू द्या," ते म्हणाले. "बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेवतो, आणि वरून बंद लावतो. कापडाचे. टोचणार नाहीत. दादालाही एका हाताने बांधता येतील." आणि मग, मापाची टेप तिच्या खांद्याला लावता लावता, "मला वाटलं तो डिवचतोय. आईशप्पथ दादा, मला वाटलं तू डिवचतोयस."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं," दादा म्हणाला. "तुला नेहमी तेच वाटतं."

ते रागाने म्हटलेलं होतं की नाही, ते मास्तरांना कळलं नाही. आणि पहिल्यांदाच त्यांनी ते उसवून बघितलं नाही.

छत झालं, पण वेगळं झालं. खाट खिडकीशी ठेवायची, तिथे उजेड असतो आणि वहिनीला रस्ता दिसतो, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. मास्तरांनी खाटेखालच्या तुळईला आधी दोन्ही अंगांनी जाड लाकडाचा जोड दिला, आणि या खेपेला सुतार बोलावून. सुतार वर गेला, पाणी प्यायला, तासभर बसला, आणि मास्तरांनी काही विचारलं नाही. ड्रिल लावण्याआधी मास्तर जिन्यावरून हाक द्यायचे, "दादा, आरशाच्या वर लावतोय!" आणि वरून उत्तर यायचं, "लाव!" चौकट टांगली, बोर्ड ठोकले. फक्त झडपेखाली बोर्ड नाही. तिथे मास्तरांनी चौकोन सोडला, त्याच्या कडेला लाकडी पट्टी लावली, सदऱ्याच्या गळ्याला लावतात तशी, बेतशीर. कडी काढून टाकली. तिचे स्क्रू निघाले ती भोकं मात्र बुजवली नाहीत.

रंग सुकल्यावर मास्तरांच्या बायकोने आरशासमोर उभं राहून वर पाहिलं. हौसेने दोरा ताणला. नवऱ्याकडून शिकली होती. मग म्हणाली, "अहो, सगळं सरळ आलंय. खिडकीशी तेवढं दोन सूत खाली राहिलं. गिऱ्हाईक बोलेल."

मास्तर मशीनवर बसून बंद शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "बोलू दे. तिथे वहिनी आहे."

इतक्यात वरून झडपेवर धाडधाड झालं. मास्तरांनी शिवण तशीच सुईखाली सोडली आणि जिन्याकडे धावले.